पाणमायची उंची

एकोणीसशे त्रेसष्ट सालच्या चैत्रात हत्तरवाडी ग्रामपंचायतीनं निसर्गाला कायमचं नमवायचं ठरवलं. सरपंच बिभीषणराव चावडीत उभे राहून म्हणाले, "आजवर संकट यायचं आन् गाव बघत ऱ्हायचं. हितनं पुढं गाव आधी ठरवणार, मग संकट येणार!" टाळ्या पडल्या, ठराव एकमतानं मंजूर झाला. त्याच्या तीन प्रती काढायच्या होत्या, पण कार्बन संपला होता, म्हणून दोनच निघाल्या. एक तालुक्याला गेली, एक दप्तराला लागली. निसर्गाला प्रत पाठवायची राहून गेली.

झालं होतं असं, की जिल्हा परिषद नुकतीच वर्षाची झाली होती, आणि नवी सायकल घेतलेल्या माणसासारखी ती काम असो नसो फेऱ्या मारत होती. त्यातल्याच एका फेरीत 'संभाव्य नैसर्गिक आपत्ती व त्यावरील उपाययोजना' असा दहा पानी नमुना गावोगाव आला. गावाला कशाचं भय आहे ते लिहायचं, पुरावा द्यायचा, मग उपायाला पैसे मिळणार. नमुना भरायचं काम ग्रामसेवक जैनोद्दीनचं.

जैनोद्दीन मूळचा परंड्याचा. शिक्षण निजामाच्या अमलात, उर्दूतून. नोकरीला लागला तेव्हा राज्य हैदराबादचं होतं, मग मुंबईचं झालं, मग महाराष्ट्राचं. तीन राज्यं झाली, सात बदल्या झाल्या, पण प्रत्येक चावडीतल्या खुर्चीचा एक पाय हलताच निघाला. हत्तरवाडीत येऊन त्याला सहा महिने झाले होते. माणूस कामाचा, पण त्याला एक खोड होती. तो विचारायचा. साहेबांना असली खोड आवडत नाही, म्हणून तर बदल्या सात.

"वादळ, आग, गारपीट, पूर, भूकंप, समुद्राची भरती," त्यानं पहिला रकाना वाचून दाखवला. "यातलं आपल्याला काय लागू आहे?"

"समदं लिव्हा," बिभीषणराव म्हणाले.

"सरपंचसाहेब, समुद्र इथून सव्वाशे कोसांवर आहे."

"आज हाय. उद्याचं कुणी सांगावं? रकाना मोकळा सोडला तर वर वाटंल, ह्या गावाला काई हुतच न्हाय."

तेवढ्यात दारातून आवाज आला, "भिंत लिहा. बाकीच्या आफती तुमच्या तुम्ही घरी न्या."

ही सकिनाबी. खालच्या गल्लीत राहायची. ओढ्याच्या काठाला लागून अकरा घरं, सहा मुसलमानांची, पाच कुंभारांची. त्या ओळीला खालची गल्ली म्हणायचे. तीन-चार वर्षांआड ओढा फुगायचा आणि न विचारता या अकरा घरांत शिरायचा. तीन भिंती मातीच्या, त्या बसायच्या. मागची तेवढी दगडी, ती उभी राहायची. मग पाणी ओसरलं की गल्लीतली माणसं त्या एका भिंतीला धरून उरलेल्या तीन पुन्हा चढवायची. सकिनाबीनं असं घर चार वेळा बांधलं होतं. काठानं एक दगडी भिंत घातली तर प्रश्न मिटत होता, हे साऱ्या गावाला दिसत होतं; पण पंचायतीचं वर्षाचं उत्पन्न भिंतीच्या पायालाही पुरलं नसतं.

सकिनाबी रोज दुपारी जैनोद्दीनला भाकरी आणि ठेचा पाठवायची. एकटा माणूस, चावडीतच राहणारा. त्यामुळे भिंत हा त्याला आपल्या घरचाच मामला वाटू लागला होता.

घोडं अडलं अकराव्या रकान्याशी. 'पुराच्या सर्वोच्च पातळीचा शासकीय पुरावा उपलब्ध आहे काय?' खाली बारीक अक्षरांत होतं, की नसल्यास प्रकरणाचा विचार होणार नाही. भिंतीचा सगळा जीव या रकान्यात होता, आणि तिथं लिहायला जैनोद्दीनजवळ काही नव्हतं.

रकाना कोरा ठेवून तो बाहेर येऊन बसला. चावडीसमोर उंच चौथऱ्यावर पाणमाय होती. हातभर उंचीचा उभा दगड, त्यावर पिढ्यांचा शेंदूर. तिची पूजाअर्चा गोरोबा कुंभार बघायचा. तो तेलाची वाटी घेऊन आला, तसं जैनोद्दीननं विचारलं,

"गोरोबामामा, हिला पाणमाय का म्हणतात?"

"पाण्याची माय म्हून."

"पण पाण्याशी हिचा संबंध काय? ओढा तर पार तिकडं खाली."

"भाऊसाब, तुमी लई इचारता बगा. धा वर्सं झाली आसं कुणी इचारून."

चैत्राच्या उन्हानं शेंदराचं कवच तळाशी तडकलं होतं. गोरोबानं तेल लावायला बोट फिरवलं आणि खापरीएवढा तुकडा निखळून पडला. खाली दगडात काहीतरी कोरलेलं होतं. गोरोबाला ती देवीच्या पायातली तोरड्यांची नक्षी वाटली. जैनोद्दीनला तो उर्दूतला अलिफ वाटला.

"मामा, तुमची परवानगी असली तर थोडं आणखी काढता का? मी हात लावत नाही."

गोरोबानं कोमट तेल सोडून सगळं कवच अलगद उतरवलं. वर एक आडवी, सरळ रेघ निघाली. रेघेखाली उर्दूत दोन ओळी. जैनोद्दीननं त्या एकदा मनात वाचल्या आणि मग मोठ्यानं वाचल्या, "पानी यहाँ तक. सन तेराशे सव्वीस फसली."

"म्हंजे?"

"म्हणजे पाणी इथपर्यंत आलं होतं. सेहेचाळीस वर्षांमागं. पूर आला असेल, आणि निजामाच्या अंमलदारानं खूण म्हणून दगड रोवला असेल."

गोरोबानं वाकून दगड बघितला. "म्हंजे आमी इतकी सालं सरकारी कागदाला हळद लावली म्हना."

"कागद नाही मामा, दगड."

"त्येच. कागदापरीस टिकला." मग जरा कातर होऊन म्हणाला, "मग ही देवी न्हाय?"

"तिनं पाण्याला इथं थांब म्हटलं आणि पाणी थांबलं," जैनोद्दीन म्हणाला. "आता काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा."

गोरोबाला हे पटलं. त्यानं वाटीतलं उरलेलं सगळं तेल देवीला घातलं. जैनोद्दीननं आत जाऊन अकराव्या रकान्यात आपल्या सुरेख अक्षरात लिहिलं, 'होय. शासकीय पूरखूण, शिलालेखासह, सुस्थितीत.' त्या रात्री त्याला गाढ झोप लागली. चूक केल्यावर लागते तशी.

वैशाखात ओव्हरसीअर आले. कल्याणप्पा नाव, उमरग्याकडचे, चष्मा जाड, बोलणं मोजकं. मुरुमच्या बाजारातून परतणाऱ्या गाडीत त्यांची तिपाई, तिच्यावर बसवायची दुर्बीण आणि आकडे रंगवलेली उंच पट्टी असा सरंजाम आला. दुर्बिणीतून सरळ आडवी रेघ बघायची, पट्टी ठेवून उंची मोजायची, असं ते काम. पट्टी धरायचा मान गोरोबाला मिळाला. सकाळी ओढ्याच्या तळापासून सुरुवात झाली आणि दुपार व्हायच्या आत कल्याणप्पांनी पाणमायवरची रेघ गावभर फिरवली. अर्धं गाव मागून फिरत होतं.

पहिली रेघ गेली मारुतीच्या देवळावर, कळसाच्या जरा खाली. मशिदीच्या मिनाराला ती गळ्याशी लागली. सरपंचांच्या वाट्याला आली तेव्हा त्यांच्या माळवदाच्या वरून हातभर अंतरानं गेली.

"म्हंजे काय, साहेब?" बिभीषणरावांनी विचारलं.

"म्हणजे पाणी तुमच्या छपरावरून वाहत होतं."

"आमचं आजोबा तर कदी बोलले न्हाईत."

"बोलायला राहिले कसे, ते मला कळत नाही." कल्याणप्पांनी आकडा लिहिला. "ओढ्याच्या तळापासून एकतीस फूट."

"तालुक्यात सगळ्यात मोठा पूर आपलाच का मग?"

"मी पाहिलेल्या साऱ्या गावांत."

बिभीषणरावांची छाती फुगली. मागच्या घोळक्यात कुणीतरी "वा!" म्हटलं. आपल्या आज्या-पणज्यांनी एवढी मोठी आपत्ती सोसली आणि चकार शब्द काढला नाही, याचा गावाला अभिमान वाटू लागला. जैनोद्दीन मात्र वहीतल्या आकड्याकडं बघत होता.

"साहेब, भिंत किती उंच धरणार मग?" त्यानं विचारलं.

"भिंत नाही." कल्याणप्पांनी वही मिटली. "अठरा फुटांपर्यंत पूर असला तर भिंत. त्याच्यावर असला तर भिंत टिकणार नाही, गाव हलवायचं. नियम स्पष्ट आहे."

"कुठं हलवायचं?" सरपंच.

"माळावर."

"कदी?"

"यादीत नंबर लागला की."

"आपला नंबर कितवा?"

"यादी अजून व्हायचीय. मी उद्या सकाळी निघतो, अहवाल परवा जाईल."

सकिनाबी हे सगळं उभी राहून ऐकत होती. मृग दीड महिन्यावर होता. दुपारी चावडीत भाकरी आली, पण कोरडी. ठेचा नव्हता. जैनोद्दीनला समजायचं ते समजलं.

भाकरी त्यानं बाजूला ठेवली. त्याच्याच सुरेख अक्षरानं गल्लीची भिंत गेली होती. आणि तरी, दुःखात बुडायचं सोडून त्याचं डोकं भलतीकडंच चालू होतं. एकतीस फूट पाणी आलं असेल तर अख्खं गाव बुडालं. अख्खं गाव बुडालं तर दगड रोवला कुणी? आणि पाण्यात बुडून मेलेल्या अंमलदारानं शुद्ध उर्दूत, एकही नुक्ता न चुकवता, मजकूर कोरला कसा?

तो उठला आणि त्यानं खालच्या गल्लीत जाऊन गोरोबाला गाठलं. गोरोबा चाकावर मडकं फिरवत होता. कल्याणप्पा शेजारच्या चिंचेखाली पान जुळवत बसले होते.

"मामा, देवी पहिल्यापासून चावडीपुढंच होती का?"

"न्हाय की. म्या ल्हान हुतो तवा खाली हुती, ओढ्याकाठच्या लिंबापशी. जमिनीतच."

जैनोद्दीननं विचारलं, "मग वर कशी आली?"

"मानानं आली. एकदा एका म्हशीनं तिला पाठ घासली. आता देवीला म्हशीनं घासावं का? तवा आमच्या बानं तिला काढून काठावर आणली, वटा बांधून."

"हे एकदा."

"मग वट्यावर कुत्री बसाय लागली. तवा अजून वर, गिरणीपशी. त्येच्यानंतर शेजारच्या गावानं आपला म्हसोबा उच्च्यावर बसवला, मग आपली माय खाली कशी ऱ्हाईल? तवा तिला तालमीजवळ आणली. पोलीस अॅक्शन झाली, नवं राज्य आलं, तवा राज्याच्या मानानं देवळाच्या पाराव. आन् गेल्या साली पंचायत झाली, तर सरपंचांनी चावडीपुढं टेकाडाव आणली. पाच पायऱ्या काढून. पंचायतीचं पयलं काम ते. पाटी हाय की."

पाटी होती. जैनोद्दीन रोज तिच्यावरून जायचा. 'श्री. बिभीषणराव यांच्या शुभहस्ते पाणमाय देवीची स्थानोन्नती.'

कल्याणप्पांचा हात पानावर चुना लावता लावता थांबला होता. दगड म्हणत होता, पाणी इथपर्यंत. आणि गाव ते 'इथं' भक्तिभावानं उचलून वर नेत होतं. सेहेचाळीस वर्षांत ओढा होता तिथंच राहिला. पूर मात्र गावकऱ्यांच्या खांद्यावर बसून टेकाड चढला.

"अय्यो," कल्याणप्पा म्हणाले. मग म्हणाले, "मला पटलं. पण मला पटून काय उपयोग? मूळ जागा दाखवा, मी पुन्हा मोजतो."

"लिंब तोडला त्याला बारा वर्सं झाली," गोरोबा म्हणाला. "सरपंचांच्या दाराची चौकट त्येचीच हाय. आन् काठ बी दोनदा खचला."

"मग पुरावा एकच उरतो. दगड. आणि दगड एकतीस फूट म्हणतो."

चाक फिरायचं थांबलं. तेवढ्यात सकिनाबी आपल्या दारातून म्हणाली, "पाणी कुठवर आलं ते दगडाला विचारता. टेकाडाला विचारता. ज्याच्या घरात आलं त्याला कुणी विचारायचं न्हाय का?"

"खाला, तुम्हाला माहीत आहे?"

"मी तवा कुठली इथं? लग्न होऊन आले त्याच्यानंतर. पण घराला माहीत हाय. या आत."

आत अंधार होता. सकिनाबीनं पितळी ताट उंबऱ्यात उन्हाला धरलं आणि उजेडाचा गोळा मागच्या दगडी भिंतीवर टाकला. भिंतीत एक कोनाडा होता, कुराणशरीफ ठेवायचा. पुरुषाला हात वर करावा लागेल एवढ्या उंचीवर. त्याच्या खाली भिंतीवर चार चौकोनी डाग होते, एकाखाली एक, चिखलानं लिंपून बुजवलेले.

"हे काय?" जैनोद्दीनचे डोळे चमकायला लागले.

"जुने कोनाडे. पाणी आलं, किताब भिजायला आली, की घरचे लोक पाण्यावर एक हात मोजून नवा कोनाडा पाडायचे. जुना बुजवायचे. हा वरचा सासऱ्यानं पाडला. मोठ्या पुराच्या साली, सासूबाई म्हणायच्या. त्याच्यानंतर पुन्हा वर पाडायची वेळ आली न्हाय."

"फक्त तुमच्याच घरात?"

"सगळ्या गल्लीत. कुंभारांच्यात दिव्याचा असतोय."

गोरोबानं कपाळाला हात लावला. "आमच्यात बी हाय की! म्या त्यात तंबाकू ठिवतो."

कल्याणप्पांनी पान तसंच टाकलं. दुर्बीण गल्लीच्या मधोमध रोवली गेली. एकेका घरात गोरोबा पट्टी घेऊन जायचा, पट्टी कोनाड्याच्या तळाला टेकवायचा, सकिनाबी ताटानं उजेड आत टाकायची आणि कल्याणप्पा दारातून आकडा वाचायचे. पहिलं घर, दुसरं, तिसरं. चौथ्या घरानंतर त्यांनी चष्मा पुसला. सातव्यानंतर दुर्बीण बिघडली की काय म्हणून स्क्रू फिरवून पाहिले. गल्लीत एकही भिंत सरळ नव्हती, एकही दार काटकोनात नव्हतं, दोन उंबरे एका उंचीचे नव्हते. पण अकरा घरांतले अकरा कोनाडे एका रेघेत होते. फरक फार तर दोन बोटांचा.

"कुणी ठरवून केले का?" कल्याणप्पांचा आवाज बदलला होता.

"ठरवायचं काय त्यात?" सकिनाबी म्हणाली. "पाणी सगळ्यांच्यात सारखंच उभं होतं. हात तेवढा आपापला."

जैनोद्दीन प्रत्येक घरात शिरून बुजवलेले डाग मोजत होता. प्रत्येक घरात चारच. म्हणजे मोठ्या पुराआधी आणखी चार पूर, उंचीसकट, भिंतींवर लिहून ठेवलेले. दहा पानी नमुन्यात ज्याला रकाना नव्हता ते सगळं इथं होतं, आणि त्यावर तंबाखू ठेवली होती.

कोनाड्याच्या तळातून एक हात वजा करून कल्याणप्पांनी आकडा मांडला. ओढ्याच्या तळापासून साडेबारा फूट. "भिंत होते," ते म्हणाले, आणि दिवसभरात पहिल्यांदा हसले. "पण दगड खोटा का, याचा खुलासा पंचनाम्यात लागेल. सरपंचांच्या सहीनं."

बिभीषणराव चावडीत बसले होते, आणि तालुक्यातला सगळ्यात मोठा पूर त्यांच्या डोक्यावरून अजून उतरला नव्हता. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली. "म्हंजे म्या शासकीय पुरावा हलवला, आसं म्याच लिवून द्यायचं? पुढच्या निवडणुकीला हीच पाटी घेऊन फिरतील माझ्या माघारी. जमायचं न्हाय."

"बिभीषणा," सकिनाबी दारातून म्हणाली, "तुझ्या माळवदावरून पाणी गेलं असं लिहिलेलं तुला चालतं, आन् तू एक दगड उचललास असं लिहिलेलं चालत न्हाय?"

"काकी, दगड न्हाय, देवी."

"मग देवी उचललीस. पाप कमी झालं का त्यानं?"

चावडीत कुणीतरी फिस्सकन हसलं. बिभीषणरावांनी तिकडं पाहिलं, तर सगळे छताकडं बघत होते. ते हट्टी होते, पण वाईट नव्हते. त्यांनाही गल्लीतल्या भिंती चढवायला हात लावलेला आठवत होता. अडचण फक्त पाटीची होती. जैनोद्दीननं टाक बुडवला. तीन राज्यांत त्यानं एकच विद्या पक्की केली होती, ती आता कामाला आली. त्यानं लिहिलं आणि वाचून दाखवलं,

"'सदर देवीची स्थानोन्नती ग्रामस्थांनी मानापोटी वेळोवेळी, एकूण पाच वेळा, केली असून पुराची उन्नती त्या प्रमाणात झालेली नाही.'"

बिभीषणरावांनी विचार केला. "वेळोवेळी म्हंजे सगळ्यांनी?"

"सगळ्यांनी. तुमचा फक्त पाचवा भाग."

"आन् पाटी?"

"पाटीबद्दल काही लिहिलेलं नाही."

"मग द्या टाक." त्यांनी सही केली, तारीख घातली, आणि शाई वाळायच्या आत म्हणाले, "समुद्राची भरती तेवढी ऱ्हाऊ द्या बरं का."

दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना कल्याणप्पा गल्लीच्या तोंडाशी उभे राहिले. मोजकं बोलणारा माणूस, पण आज बोलायला लागला. ते म्हणाले की अहवाल ते स्वतः हातानं नेऊन देणार आहेत. भिंत दोनशे दहा फूट लांब, काळ्या दगडाची, मंजुरी मिळाली की पाया मृगाआधी. ते म्हणाले की इतकी वर्षं ते गावोगाव पुरावा शोधत हिंडले, पण माणसांनी आपलं संकट एवढ्या नेमकेपणानं आपल्याच भिंतीवर मांडून ठेवलेलं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. नियोजन म्हणतात ते याहून वेगळं काही नसतं, आणि जिल्ह्यानं येऊन हे पाहायला पाहिजे. अकरा घरांतली माणसं हात जोडून ऐकत होती. गोरोबानं डोळे पुसले. जैनोद्दीनच्या हातात पंचनाम्याची दप्तरी प्रत होती. कार्बन त्यानं मुरुमहून मागवला होता.

"आता कुणाला काही विचारायचं आहे? काही सूचना?" कल्याणप्पांनी विचारलं.

सकिनाबी पुढं आली. पदर सारखा केला. भिंत कुठं होणार त्या काठाकडं तिनं एकदा पाहिलं, एकदा उन्हाकडं.

"साहेब, तेवढी आमच्या बाजूनं जरा खडबडीत ठेवायला सांगा," ती म्हणाली. "गुळगुळीत दगडावर गोवऱ्या धरत न्हाईत."